मुकी

"ताई, पिल्लं तिकडे आहेत," निवाऱ्यातल्या मुलीनं मला दोनदा सांगितलं. पिल्लं कुठे आहेत ते मला दिसत होतंच. सगळी गर्दी तिकडेच होती. 2023 च्या जूनचा शेवटचा रविवार होता तो. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, नेमका त्याच दोन दिवसांत सुरू झाला. पत्र्याच्या शेडवर पावसाचा ताशा वाजत होता आणि त्या आवाजातही पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी "अय्या, कसलं गोड!" हे स्पष्ट ऐकू येत होतं. त्यातला एक आवाज माझ्या लेकीचा होता.

दहावीचा निकाल चांगला लागला तर मांजर आणायचं, असं मी तिला कबूल करून बसले होते. निकाल चांगला लागला. आता शब्द पाळणं आलं!

मी मात्र एका कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी अडकले होते. पिंजऱ्यात पुठ्ठ्याचं एक खोकं आडवं ठेवलेलं. त्याच्या अगदी आतल्या बाजूला दोन डोळे. बाकी काही दिसेना. बाहेर एका पाटीवर लिहिलं होतं : मादी, वय अंदाजे चार, नसबंदी व लसीकरण झालेले, स्वभाव लाजरा, चावत नाही.

"ही?" मी विचारलं.

"ही नाही जायची हो कुणाकडे," ती मुलगी म्हणाली. "पिल्लं एका रविवारी संपतात. मोठी मांजरं राहतात. त्यातून ही लाजरी. लोक येतात, वाकून बघतात, ती मागे सरकते, लोक पुढच्या पिंजऱ्याकडे जातात. अकरा महिने झाले."

मग तिनं सांगितलं की ही तुमच्या हिंजवडीचीच आहे. तिसऱ्या फेजकडच्या एका इमारतीतला रिकामा फ्लॅट नव्या भाडेकरूला दाखवायला उघडला, तर स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ही बसलेली. आधीचे लोक जाऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. नळ गळका होता म्हणून वाचली म्हणे.

हिंजवडीत राहणाऱ्या कुणालाही हे ऐकून फारसं नवल वाटणार नाही. आमच्याकडे माणसं येतात आणि जातात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे आयटी पार्क आलं, त्याआधी हिंजवडी, माण, मारुंजी ही साधी शेतीची गावं. म्हातोबाच्या यात्रेला बगाड निघतं, त्या दिवशी गाव अजून जुन्यासारखं दिसतं. एरवी बाराही महिने सामानाचे टेंपो. कुणाचा प्रोजेक्ट संपला, कुणाची बंगळूरला बदली झाली, कुणाचं लग्न जमलं. 2020 च्या टाळेबंदीत तर घरूनच काम म्हटल्यावर इमारतीच्या इमारती रिकाम्या झाल्या. महिनाअखेरीला कचऱ्याच्या जागेपाशी गेलं की लोकांनी काय काय मागं टाकलंय ते कळतं. गाद्या, कूलर, अर्धवट जळक्या कढया, कुंडीतली तुळससुद्धा. आणि मधूनच गळ्यात पट्टा असलेलं एखादं मांजर, जिन्यात बसून प्रत्येक दाराकडे बघणारं.

कायदा नाही असं नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. पाळलेल्या जनावराला सबळ कारण नसताना, उपासमार होईल अशा रीतीनं सोडून देणं हा त्यात गुन्हा धरलाय. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आमच्या चौकात दोन वडापावसुद्धा धड येत नाहीत.

तर मी लेकीला हाक मारली. ती आली, वाकली. डोळे आणखी आत सरकले.

"आई, हिला काय करायचं? ही खेळणार पण नाही."

खोटं कशाला बोलू, लेकीच्या त्या वाक्यानं माझं नक्की झालं. समाजकार्य करणाऱ्या बाईचा हा एक दोष असतो. जिथे कुणी जात नाही तिथे आपण जायचं, आणि जाऊन दाखवायचं. मी इथल्या महिलांसाठी एका समुपदेशन केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जाते. "मी बोलतं करते की नाही बघा" ही तिथली माझी ख्याती. एवढ्याशा मांजराचं ते काय!

निवाऱ्याचा फॉर्म लांबलचक होता. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात कोण कोण, गावाला गेल्यावर कोण बघणार, बाल्कनीला जाळी आहे का. मला आधी गंमत वाटली. मुलगी दाखवायला आल्यासारखं काय हे! पण नंतर पटलं. सिंकखाली सापडलेल्या मांजराबद्दल त्यांनी विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? त्यांची एक कार्यकर्ती घर बघायलाही आली. आमचा नववा मजला. मांजर उंचावरून पडलं तरी चार पायांवर पडतं आणि त्याला काही होत नाही, हा आपला समज. पायांवर पडतं हे बऱ्याचदा खरं, काही होत नाही हे खोटं. जबडा फुटतो, पाय मोडतात, छातीला मार लागतो. तिनं सांगितल्याप्रमाणे आम्ही कबुतरांसाठी लावतात तीच जाळी बाल्कनीला आणि दोन खिडक्यांना लावून घेतली.

खरी परीक्षा घरात होती. माझ्या सासूबाई भोरकडच्या, गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजराला त्यांचा विरोध नव्हता. गावाकडे घरात मांजर असायचंच, उंदरांसाठी. दूधभात खायचं आणि आपलं आपण हिंडायचं. पण हे मांजर घराबाहेर जाणार नाही, म्हणजे त्याला खायला आपण घालायचं आणि तेही मासे नि कोंबडी, हे कळल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "गावाकडच्या मनीनं उंदीर खाल्ला तर ते तिचं तिच्यापाशी. पण आपण पैसे देऊन आणायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं, हे आपल्या खात्यात नाही का गं जमा व्हायचं?"

प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर देता येईना, म्हणून मी ते जनावरांच्या डॉक्टरांवर सोपवलं. त्यांनी सासूबाईंना समोर बसवून शांतपणे सांगितलं. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचा एक घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो, तो मांसमच्छीत असतो, भाजी-भातात नसतो. तो मिळाला नाही तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे 1975 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं आणि त्याच कारणानं हृदयही निकामी होतं हे 1987 मध्ये. गावाकडची मनी दूधभातावर जगत नव्हती, उंदरांवर जगत होती. आणि दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही, जुलाब होतात.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मग देवानंच तिला तशी घडवलीये. तिची माळ वेगळी." अट एवढीच घातली की आषाढी होऊ दे, मग आणा. आणि तिची भांडी स्वयंपाकघरात यायची नाहीत.

त्याप्रमाणे एकादशी होऊन गेल्यावरच्या रविवारी ती आमच्या घरी आली. कॉम्प्युटरच्या खोलीत तिची सोय केली. वाळूचा ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या कोपऱ्यात, कारण मांजराला जेवणाशेजारी मोरी आवडत नाही, आपल्यालाही कुठे आवडते! टोपलीचं दार उघडलं. रंग तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला, काळ्यावर पिवळे शिंतोडे, रंगकाम करताना ब्रश झटकल्यासारखे. जमिनीला पोट लावून ती सरळ दिवाणाखाली गेली, भिंतीच्या कोपऱ्यात. आणि तिथेच राहिली.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. बशीतलं खाणं तसंच. निवाऱ्यातल्या मुलीनं बजावलं होतं की मांजर दोन-तीन दिवस सलग उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर परिणाम होतो, तेव्हा थांबून राहू नका, फोन करा. मी फोन केला. ती म्हणाली, "ताई, तिचं निवाऱ्यातलं खोकं देते, ते दिवाणाखाली सरकवा. आणि खाणं ठेवून खोलीतून बाहेर या. बघत बसू नका."

म्हणजे मी बघत बसले होते हे तिला न सांगता कळलं होतं.

ते जुनं, कडा कुरतडलेलं खोकं हे म्हणून देऊन आले नाहीत तर मी स्वतः जाऊन आणलं. मला तो नुसता तिचा प्रेमळपणा वाटला होता, पण त्यात शास्त्र आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली एका अभ्यासात, निवाऱ्यात नव्यानं आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांत बरीच लवकर सावरली. आपल्याला वाटतं लपू दिलं तर ते कायमचं लपून बसेल, म्हणून आपण लपायच्या जागा बंद करतो. होतं उलटंच. तिसऱ्या दिवशी सकाळी बशी चाटूनपुसून स्वच्छ होती. सासूबाईंनी माझ्याआधी जाऊन बघितली होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

पण त्यापुढे काही घडेना. बशी रात्रीत रिकामी व्हायची, वाळू उकरलेली असायची, एवढाच तिच्या असण्याचा पुरावा. दिवसभर दिवाणाखाली. आवाज म्हणून नाही. "मुकी आहे का गं ही?" सासूबाईंनी विचारलं आणि तेच तिचं नाव पडलं. निवाऱ्याच्या वहीत तिचं कुठलंसं फॅशनेबल इंग्रजी नाव होतं, ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही.

आणि मग मी चूक केली. नववा दिवस. आमच्याकडे भिशी होती. बायका जमल्या, चहा झाला, आणि सगळ्यांना मांजर बघायचं होतं. "एवढं आणलंस, दाखव तरी!" मलाही दाखवायचं होतं, खोटं कशाला बोला. दिवाणाखाली हात घातला, खोक्यातून तिला मानेला धरून ओढलं. पाटीवर लिहिलेलं खरं होतं, ती चावली नाही. पण मनगटापासून कोपरापर्यंत माझा हात उभा फाडून ती कपाटामागे गेली. भिशीतल्या एकीनं "बाई गं, जंगली आहे की ही!" असं म्हटलं आणि दुसरीनं लगेच हळद शोधायला सुरुवात केली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे प्रत्येकीला माहीत हवं. मांजरानं ओरबाडलं किंवा चावलं तर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. आणि डॉक्टरकडे जायचं. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं नाही, मांजरापासूनही होतो. मुकीचं लसीकरण झालेलं होतं, तरी माझ्या डॉक्टरांनी लस दिलीच. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस गेले, आता दंडात ठरावीक दिवसांनी चार-पाच घ्यायची असतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

माझा हात आठ दिवसांत बरा झाला. मुकीनं मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन दिवस कपाटामागून निघालीच नाही. माझी चाहूल लागली की तिचे कान मागे जायचे. फक्त माझी. लेक अभ्यासाला बसायची तेव्हा नाही, माझीच.

तेव्हा कुठे मी नीट वाचायला लागले. लाजरं मांजर आणि रानटी मांजर यांत फरक असतो. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाचा हात त्याच्या ओळखीचा झाला तर झाला, त्या वयात माणूस दिसलाच नाही तर पुढे फार अवघड जातं. मुकी घरात वाढलेली होती, माणूस तिला ठाऊक होता. म्हणून तर अवघड. माणूस काय काय करतो हेही तिला ठाऊक होतं. अशा मांजराशी रोखून बघायचं नाही, त्यांच्या भाषेत ती धमकी असते. डोळे अर्धे बारीक करून हळूच मिटायचे, पुन्हा उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिलंय. असं केलं की मांजरंही डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसानं पुढे केलेल्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात. मी रोज दुपारी जमिनीवर बसून कपाटाकडे बघत डोळे मिटायची, उघडायची. एकदा धुणीभांडीवाल्या मावशींनी बघितलं आणि सासूबाईंना जाऊन विचारलं, "ताईंची तब्येत बरी हाय ना?"

महिना झाला. अधिक महिना चालू होता, लेकीची अकरावीची धावपळ सुरू झालेली, केंद्रातलं काम वाढलेलं. लेकीनं खोलीत डोकावणंही सोडलं होतं. मैत्रिणीकडे एक पिल्लू होतं, ती तिथे जाऊन खेळून यायची. मला त्या दिवसांत रात्री एक विचार यायचा आणि तो काही चांगला नव्हता : आपण हिला घर दिलं असं म्हणतो, पण हिच्यासाठी पिंजरा बदलला, एवढंच. निवाऱ्यात निदान इतर मांजरं होती. केंद्रात माझ्या समोर बसलेली एखादी बाई तास तास बोलत नाही, तेव्हा मी तिला पाणी देते, मग चहा, मग प्रश्न, मग तिच्या मुलांबद्दलचे प्रश्न. आमच्या ज्येष्ठ सहकारी आहेत, त्या अशा वेळी चक्क स्वेटर विणत बसतात. मला नेहमी वाटायचं, या काम टाळतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी निवाऱ्याला फोन केला. म्हटलं, जमत नाहीये, रविवारी परत आणून सोडते. ती मुलगी रागावली नाही. "आणा ताई. खोकं पण आणा तिचं," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मशीनला कपडे लावत होते. यांचे घरातले पांढरे लेंगे असतात. एका लेंग्याच्या गुडघ्याखाली काळे-पिवळे केस. झटकले. दुसरा लेंगा उचलला, त्यावरही. तिसऱ्यावरही. मी तशीच लेंगा हातात घेऊन आत गेले.

आमच्या यांची रात्रपाळी. अमेरिकेतल्या लोकांशी काम असतं, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस रात्री दहापासून पहाटे तीनपर्यंत त्याच कॉम्प्युटरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. मांजराबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवसापासून एकच : "मला मध्ये घेऊ नका." वाळू नाही, खाणं नाही, डॉक्टर नाही.

"हे केस कसले?"

"मांजराचे," हे म्हणाले.

"ते दिसतंय. तुमच्या लेंग्यावर कसे?"

"अगं, ती येते की रात्री. पायावर बसते."

"कधीपासून?"

यांनी जरा विचार केला. "असतील पंधरा-वीस दिवस. आधी खुर्चीखाली बसायची. मग पायावर."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर मी जमिनीवर बसून डोळे मिचकावत होते, आणि ज्या माणसानं तिच्याकडे एकदाही धड बघितलं नव्हतं त्याच्या पावलांवर ती झोपत होती! नंतर विचार केला तेव्हा कळलं की बघितलं नव्हतं म्हणूनच. एक माणूस रोज ठरल्या वेळी येतो, एका जागी बसतो, हळू आवाजात दुसऱ्याच कुणाशी बोलतो, उठून तिच्या अंगावर येत नाही, तिच्याकडून त्याला काहीही नको असतं. भेदरलेल्या जिवाला याहून बरी संगत कुठली? मत्सर वाटला, हेही लिहून टाकते. चांगले दोन दिवस मी यांच्याशी तुटक वागले.

निवाऱ्याला दुपारी फोन करून सांगितलं की येत नाही. ती मुलगी हसली असावी, कारण फोनवर काही क्षण नुसतीच शांतता होती.

त्यानंतर मुकी लेकीच्या मांडीवर येऊन बसली, आम्हा सगळ्यांची लाडकी झाली, असं लिहिता आलं असतं तर मजा आली असती. तसं झालं नाही. ती कुणाच्या मांडीवर बसत नाही. उचलून घेतलेलं खपत नाही. बेल वाजली की दिवाणाखाली. त्या वर्षीच्या दिवाळीत फटाक्यांचे चार दिवस ती कपाटामागेच होती, हे कानाला हेडफोन न लावताच रात्री तिथे बसून राहिले. पण दिवसा ती आता खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येते. सासूबाई हरिपाठ म्हणतात तेव्हा दारात बसते. त्यांच्या जवळ जात नाही, त्याही तिला हात लावत नाहीत, माळ दोघींचीही मोडत नाही. लेकीनं एका सुतळीला कागद बांधून तिला खेळायला शिकवलं. चार वर्षांच्या मांजराला खेळ शिकवावा लागतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याशी तिचं वागणं व्यवहाराचं. मी वाळू काढते, खाणं ठेवते, ती मला कान मागे न करता जाऊ देते. मधूनच कधी डोळे बारीक करते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिवस गेले तेव्हा तिच्या सासूबाई मला येऊन म्हणाल्या की तुमच्या मांजरामुळे तिला धोका, काढून टाका. ही भीती बऱ्याच घरांत असते आणि नेमकी अशा वेळी मांजरं रस्त्यावर येतात, म्हणून लिहिते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आहे, तो गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतो, हे खरं आहे. पण तो मांजर घरात असल्यानं किंवा त्याचे केस उडाल्यानं लागत नाही. लागतो तो मांजराच्या विष्ठेतून, नीट न शिजलेल्या मांसातून आणि मातीच्या, न धुतलेल्या भाजीतून. विष्ठेतला जंतू अपायकारक व्हायला एक दिवस तरी जातो, म्हणून वाळू रोज काढायची आणि गरोदर बाईनं ती काढायची नाही, घरातल्या दुसऱ्या कुणी काढायची. नवऱ्यानं काढली तर उत्तमच. डॉक्टरांना मात्र जरूर विचारावं. आणखी एक, क्रोसिनसारखी पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला चुकूनही द्यायची नाही. अर्धी गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. ताप आला म्हणून मायेनं देणारी घरं आहेत.

माझा अनुभव ऐकून गावाकडच्या माझ्या एका बहिणीनं विचारलं, आमच्याकडे कुठला निवारा? पुण्याला बावधनमध्ये 2007 पासून रेस्क्यू संस्था आहे, मुंढव्याला ब्ल्यू क्रॉस आहे, मुंबईत परळला बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं जुनं इस्पितळ आहे. छोट्या गावात यातलं काही नसतं. पण तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथल्या डॉक्टरांना कुणाचं मांजर कुठे सोडलं गेलंय हे बऱ्याचदा ठाऊक असतं. मंडईमागे, बसस्थानकाच्या कँटीनपाशी मोठी मांजरं असतात. पिलू मिळायची वाट बघत बसू नका, एवढंच मी तिला म्हटलं. तिनं अजून आणलेलं नाही. तिच्या सासूबाईंचं मन वळायचंय.

डिसेंबरात हे आठ दिवस नागपूरला गेले, भाच्याच्या लग्नाला. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री मला जाग आली. गंजलेली बिजागरी करकरावी तसा आवाज. आधी वाटलं बाल्कनीचं दार. दिवा लावला तर बेडरूमच्या दारात मुकी उभी. त्या खोलीबाहेर ती रात्री कधी आली नव्हती. माझ्याकडे बघून तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा तोच आवाज आला, फाटका, खरखरीत, वापर नसलेला.

मी उठले. ती पुढे, मी मागे. बशी भरलेली होती. पाणी होतं. वाळू स्वच्छ होती. ती खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली आणि वर बघायला लागली. पावणेदोन वाजले होते. मी खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवले, तिच्याकडे बघितलं नाही, बंद कॉम्प्युटरकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं पावलांवर काहीतरी ऊबदार, जड टेकलं. थंडीनं पाय गारठलेले होते, तरी हलवले नाहीत. तीन वाजेपर्यंत तशीच बसले.

सकाळी देवपूजा करता करता सासूबाईंनी विचारलं, "रात्री कोण गं ओरडत होतं?"

"मुकी," मी म्हटलं.